काटा वर येईपर्यंत

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या. सतरंजी मोठी अंथरली आहे, जागा आहे. बायांनो, तुम्हीही या, भिंतीला टेकून बसा. लेकरं रडली तर रडू द्या. मले त्याची काही अडचण नाही.

गावातल्या मोठ्या माणसांनो, माझ्या बायांनो, मच्छीमार सोसायटीच्या भावांनो, आणि इतक्या लांबून गाडी बदलत आलेल्या सत्यमगारू, तुम्ही सगळे आलात. पहिला शब्द कोणता बोलायचा हे मी घरून ठरवून आले होते. इथे उभी राहिले आणि तोच गेला. मी दहावी शिकलेली बाई. बचत गटाचा हिशेब लिहिते, देवळात आरती म्हणते. भाषण कधी केलेलं नाही. काल एक-दोघींनी विचारलंही, "कुसुमबाई, घरच्या बाईनं शोकसभेत बोलाव काय?" त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. आपल्याकडे तशी रीत नाही. पण मी म्हटलं, ते स्वभावानं चांगले होते, जाळं चांगलं विणत, कोणाशी भांडले नाहीत, हे सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांचं काम काय होतं, ते कोण सांगणार? या गावातल्या निम्म्या लोकांना अजून वाटते की आमचे हे, म्हणजे रोशनीचे बाबा, आंध्रात बोरवेल मारत होते.

हसा, हसा. तेही हसायचे.

सुट्टीवर आले की पारावर कोणीतरी म्हणायचंच, "दिवाकर, आमच्या वावरात एक बोर मारून दे गा." आणि हे म्हणायचे, "मी बोर मारत नाई बाबू. मी बोराचं तोंड धरतो."

म्हणजे काय? मलाही लग्नानंतर बरीच वर्षं समजलं नव्हतं. मग एकदा त्यांनी स्वयंपाकघरात बसून सांगितलं. जमिनीच्या पार पोटात, जिथे तेल आणि वायू असतो, तिथपर्यंत रिगवाले, म्हणजे खोदायच्या त्या उंच यंत्रावरचे लोक, भोक पाडतात. त्या भोकात जड चिखलपाणी भरून ठेवतात. त्याच्या वजनानं खालचा वायू खालीच दबून राहतो. पण कधी खालचा जोर जास्त झाला तर तो चिखल वर ढकलत येते. ठिणगी मिळाली तर मग काय होईल ते सांगायला नको. म्हणून त्या भोकाच्या तोंडावर लोखंडी झाकणांची उतरंड बसवलेली असते. आपल्याकडे मडक्यांची असते ना, एकावर एक, तशी. तिला बीओपी म्हणतात. त्यातलं एक झाकण रबराचं असते, पाइपाभोवती मुठीसारखं आवळते. ती मूठ हातानं आवळत नाही, तेलाच्या दाबानं आवळते. तो दाब जिथे साठवलेला असतो, ते यंत्र यांच्या ताब्यात होतं. कंट्रोल युनिट. लोखंडी बाटल्यांची रांग, हँडलांची रांग, आणि हँडलांच्या वर दाब दाखवणारे काटे.

मी विचारलं होतं, "लाइन गेली तर?"

ते म्हणाले, "त्याच्यासाठीच तर बाटल्या आहेत. लाइन गेली, इंजिन बंद पडलं, सारे घाबरून गेले, तरी बाटलीतला दाब बाटलीतच असते. आधी भरून ठेवला असन तर कामी येते."

आधी भरून ठेवला असन तर. हे वाक्य लक्षात ठेवा. मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

यांचे मोठे भाऊ इथे बसले आहेत. तुम्हा सगळ्यांचे शंकरभाऊ. ते यांना चिडवायचे, मी सांगितलं तर रागावणार नाहीत. म्हणायचे, "वर्षाची वर्षं जातात, तुझ्या त्या विहिरीतून काहीच उसळत नाई. मंग तुले पगार कायचा देतात?" आणि हे जाळ्याची गाठ ओढत म्हणायचे, "काही उसळत नाई ना भाऊ? त्याचाच."

पण काही होत नाही म्हणून हात जोडून बसायचं, असं ते काम नव्हतं. ठरलेल्या दिवशी झाकण बंद करून पाहायचं, उघडून पाहायचं. गरज नसताना. वरून, खोदायचं यंत्र चालवणारे सत्यमगारू हुकूम देणार, खालून हे तोच हुकूम परत म्हणणार. मग हँडल फिरवायचं. आणि हँडल फिरवलं म्हणजे झालं असं नाही. नजर काट्यावर. बाटलीतलं तेल झाकणाकडे गेलं की काटा आधी खाली येते. मग पंप सुरू होतो, बाटल्या पुन्हा भरतात, काटा हळूहळू वर चढते. तो जागेवर आला की हे खालून ओरडायचे, "काटा वर!" तेव्हा कुठे बाकीचे आपापल्या कामाला लागायचे. तोवर कोणी बोलायचं नाही.

सवय घरीही आली. सुट्टीत आले की चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, आवाज यायचा, "रेग्युलेटर?" आणि रोशनीनं जिथे असेल तिथून उत्तर द्यायचं, "बंद. हात लावून पाह्यलं." नुसतं 'बंद' म्हटलं तर चालत नसे. परत पाठवायचे. "बंद केलं म्हणजे बंद झालं नाई, बाई." मी म्हणायचे, घर आहे का रिग? बापलेक दोघं हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आता त्या हाराची गोष्ट सांगते. सत्यमगारू, तुम्ही ऐका, तुमची साक्ष काढणार आहे मी.

रोशनी तेव्हा आठवीत होती. खंडेनवमीला आपण विळी-कोयता पुजतो, जाळं पुजतो, डोंगा पुजतो. रिगवरही त्या दिवशी यंत्रांची पूजा असते आणि घरच्या माणसांना बोलावतात. आम्ही दोघी बल्लारशाहून गाडीत बसलो. मी अंगणातल्या झेंडूचा हार गुंफून नेला होता, ओल्या फडक्यात बांधून. विकतचा हार मला पटत नाही. दोन दिवसांत टाकायचा, त्याला पैसे कशाला? आणि मार्कंड्याचा अंगारा नेला होता पुडीत. मनात एकच होतं. ज्या यंत्रापाशी माझा माणूस उभा राहतो, त्याला देवाची राखण असावी.

डोक्याला टोप्या घालून आम्हाला आत नेलं. सगळीकडे हळदीकुंकू, नारळ. उदबत्ती मात्र पार लांब, फाटकापाशी, ठिणगी नको म्हणून. मी यांचं युनिट पाहिलं. हँडलांची ती रांग पाहिली. आणि हार घातला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळ्या हँडलांवरून, छान झुलता. हात जोडले. डोळे उघडले, तर हे माझ्यासमोर हार उतरवून राहिलेले!

सगळ्यांच्या समोर. साहेबांच्या, बायकांच्या, पोरीच्या समोर.

मी म्हटलं, "देवाचा हार काढता?"

म्हणाले, "काढला नाई, जागा बदलून राह्यलो. देवाले घाल, बाटल्यायले घाल, मले घाल. हँडलले नको. हँडल कुठी आहे, काटा कुठी आहे, थे दिसलं पाहिजे."

आणि सत्यमगारू तिथून म्हणाले, "भाभी, गुस्सा मत होना. ये आदमी इस पर चाय का कप भी नहीं रखने देता."

म्हणाले होते की नाही? बघा, मान हलवून राहिले.

मग यांनी तो हार युनिटच्या मागच्या लोखंडी चौकटीला बांधला. पक्की गाठ मारून, टोकं आत खोचून. अंगारा स्वतःच्या कपाळाला लावला. पण माझा राग काही जाईना. ते स्टेशनवर सोडायला आले, तर मी त्यांच्याकडे पाठ करून गाडीत चढले. बल्लारशा येईपर्यंत मी पोरीला सांगत होते, तुझ्या बापाला देवापेक्षा लोखंड मोठं. पोरगी खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली, "आई, हारानं खरंच काटा झाकला होता. मी पाह्यलं."

आठवीतली पोर.

त्यानंतर कधीतरी, थंडी संपत आली होती, हे सुट्टीवर आले. अंगणात जाळं दुरुस्त करत बसले होते. मोठे भाऊही बसले होते शेजारी. रोशनीनं सहज विचारलं, "बाबा, खरोखरचं झाकण कधी बंद केलं काय?" तेव्हा ते म्हणाले, "केलं. मागच्या पाळीत."

भर दुपारची गोष्ट. जेवणाचे डबे उघडलेले. वर सत्यमगारूंच्या ध्यानात आलं की विहिरीतून परत येणारा चिखल जास्त आहे. त्यांनी खाली चिखल सोडणारा पंप बंद केला. पंप बंद, तरी चिखल येतच राहिला. म्हणजे खालून कोणीतरी ढकलते आहे. त्यांनी भोंग्यावर हुकूम दिला आणि वरच्या पॅनलवरून झाकण बंद केलं. वरून बटण दाबलं की खालच्या युनिटवरचं हँडल आपोआप फिरते, हवेच्या जोरावर. तशी नळी असते. हे तेव्हा फेरी मारत खालीच होते. भोंगा ऐकला, हुकूम परत म्हटला, नजर हँडलवर. हँडल फिरलं नाही. काट्यावर नजर. काटा हलला नाही.

काटा खाली आला असता तर हे घाबरले नसते. तो जागचा हलला नाही, म्हणून समजलं, वर हुकूम झाला पण खाली काहीच झालं नाही. हवेची नळी कुठेतरी फुटली होती. यांनी हातानं हँडल फिरवलं. काटा सरसर खाली आला. मग थांबला. मग बाटल्यांचा पंप बोलू लागला, आणि काटा वर चढू लागला. जागेवर आला तेव्हा हे ओरडले, "काटा वर!"

विहिरीचं तोंड बंद झालं. पुढे सगळ्यांनी मिळून जड चिखल भरून तो वायू शांत केला. एकाही माणसाला खरचटलं नाही. मी विचारलं, मग नुकसान काय झालं? म्हणाले, "जेवण थंड झालं."

मोठे भाऊ जाळं सोडून ऐकत होते. त्या दिवसापासून पगाराचा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. खरं की नाही भाऊ?

मी मात्र उठले, देवापाशी दिवा लावला. म्हटलं, मार्कंडदेवानं दाखवलं तुम्हाला. हे म्हणाले, "देवानंच दाखवलं, कुसुम. पण झाकून ठेवलं असतं तर देवानं तरी कसं दाखवाव?" बस. हाराचं भांडण तिथे मिटलं. पुढे दर खंडेनवमीला माझ्या अंगणातला झेंडू जात राहिला, आणि चौकटीलाच बांधला जात राहिला. माझा देवही राहिला, त्यांचं हँडलही उघडं राहिलं.

आता जे बोलायचं आहे ते बोलते. थोडं पाणी द्या.

रोशनीनं गडचिरोलीला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. रिगच्या एका कंपनीत शिकाऊ म्हणून तिची निवड झाली. त्याच कामावर, कंट्रोल युनिटच्या. बातमी आली त्या दिवशी तिचे बाबा घरीच होते. चंद्रपूरला जाऊन तिच्या मापाचे पोलादी टोकाचे बूट घेऊन आले. मी म्हटलं, कंपनी देते ना बूट? म्हणाले, "कंपनीचे भेटतील तेव्हा भेटतील. आतापासून घालून पाय मुरला पाहिजे." पोरगी ते बूट घालून अंगणात धपधप चालायची. कोंबड्या पळायच्या.

आणि मग ती सकाळ आली.

मी गॅसवर चहा ठेवला होता. यांनी छातीवर हात ठेवला आणि खाटेवर बसले. घाम आला. मी ओरडत होते, काय ओरडत होते देव जाणे. रोशनीनं शेजारच्यांना गाडीसाठी हाक मारली, बाबांना टेकवून बसवलं, घरात होती ती ॲस्पिरिनची गोळी चावायला दिली. चहा उतू जात होता. तिनं जाता जाता गॅस बंद केला, आणि तिच्या तोंडून सवयीनं निघालं, "रेग्युलेटर बंद. हात लावून पाह्यलं."

यांनी डोळे उघडले. म्हणाले, "पाह्यलं ना?"

"पाह्यलं, बाबा."

त्यांनी मान हलवली. माझ्या घरात ते बोललेलं शेवटचं. गाडी रस्त्यात असतानाच सगळं संपलं.

तेरवी झाली, आणि पोरीनं बूट माळ्यावर टाकले. भरलेली बॅग उपसली. म्हणाली, "मी नाई जात." मला वाटलं माझ्यासाठी थांबते आहे. मोठे भाऊही म्हणाले, प्रेमानंच म्हणाले, "बाप गेला, आता पोट्टीले त्या लोखंडापाशी नको पाठवू." गावातही हेच बोलणं. पण खरं कारण ते नव्हतंच. परवा ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आई, बाबा महिनाभर दमत होते. मी त्यांच्यासमोर फिरत होती. मले घरातला माणूस वाचता नाई आला. मी काटा काय वाचन?"

बायांनो, याचं उत्तर मी आजच्यासाठी राखून ठेवलं. आज बोलते. सगळ्यांसमोर बोलते, म्हणजे तिला ते खरं वाटेल.

रोशनी, वर पाहा.

तुझे बाबा देवळाची पायरी चढताना थांबायचे. मी विचारलं की म्हणायचे, "जेवण जास्त झालं." दंड दुखायचा, तर म्हणायचे, "जाळं ओढलं ना काल." ओवा खायचे. तू विचारलंस तेव्हा डोंग्याचं वल्हं खांद्यावर घेऊन दाखवलं त्यांनी, बघ, काही झालं काय मले? रिगवर साऱ्यांसमोर हार उतरवणाऱ्या माणसानं आपल्याच काट्यावर हार घालून ठेवला होता, पोरी. स्वतःच्या हातानं. त्यांना वाटलं, तुझ्या जाण्याच्या वेळी घरात दुखणं नको. मी त्यांच्यावर रागावलेली आहे. हो, आहे. फोटोपुढे दिवा लावते तेव्हाही रागावलेलीच असते. पण झाकलेला काटा वाचता आला नाही, हा वाचणाऱ्याचा दोष नाही. हे त्यांनीच मला शिकवलं.

म्हणून इथल्या प्रत्येक गड्याला हात जोडून सांगते. दुखत असेल तर सांगा. दम लागत असेल तर सांगा. बायको रागवेल, रागवू द्या. आम्ही हार जागा बदलून बांधू, पण आम्हाला दिसू द्या.

आणि रोशनी, जे उघडं होतं, ते तू त्या सकाळी सगळं पाहिलंस. मी नुसती ओरडत होते, तू एकेक काम करत होतीस. उतू जाणाऱ्या चहात, माझ्या आरडाओरड्यात, तू हात लावून पाहिलंस. हे कुठून आलं? बाटल्या आधीच भरलेल्या होत्या म्हणून आलं. त्यांनी भरल्या होत्या. रोज, थोड्या थोड्या, 'रेग्युलेटर?' म्हणून म्हणून.

मला भीती वाटत नाही असं नाही. तू तिकडे गेलीस की मी रोज मार्कंडदेवाला त्रास देणार आहे, त्याची तयारी देवानं ठेवावी. पण माझ्या भीतीपायी तू घरी बसावी, असं मला वाटत नाही. मला नाव घ्यायची सवय नाही, आज घेते. दिवाकरनं जे भरून ठेवलं, ते बंद बाटलीत राहावं असं मला वाटत नाही.

काल मी ते बूट माळ्यावरून काढले, पुसले, आणि उंबऱ्याशी ठेवले. आज सकाळी मोठे भाऊ आले. बुटांपाशी थांबले. मला वाटलं, आता बोलतील. ते वाकले, दोन्ही बूट उचलले आणि आत सावलीत ठेवले. म्हणाले, "उन्हानं रबर तडकते."

भाऊ, एवढ्यानं मला किती बळ आलं, ते तुम्हाला कसं सांगू?

लोक मला विचारतात, कुसुमबाई, कसं होईल आता? मी म्हणते, आमच्या घराचा काटा खाली आला आहे. पार खाली. पण खाली आला, म्हणजे भरलेलं काही होतं, ते कुठेतरी गेलं, कामी आलं. माणूस गेल्यावर काटा जागचा हललाच नसता, तर मी घाबरले असते. आता त्याला वर यायला वेळ लागेल. पंप चालू आहे. तुम्ही आलात, कोणी तांदूळ घेऊन आला, कोणी सरपण, सत्यमगारू पार आंध्रातून आले. हा तोच आवाज आहे.

आता आपण उभे राहू. ज्या मोठ्यांना उठवत नसेल त्यांनी बसूनच.

आपण गप्प राहू. घड्याळ कोणी पाहू नका. त्यांच्या रिगवर मौन घड्याळानं संपत नसे. काटा पाहणारा सांगेल तेव्हा संपायचं. आज ते काम रोशनीचं. पोरी, घाई नाही. तुला वाटलं की वर आला, तेव्हा बाबा ओरडायचे तसं ओरड. नाही वाटलं, तर तसं सांग. आम्ही इथेच उभे आहोत, आणखी उभे राहू. आणि उत्तर कोणतंही आलं तरी बूट सावलीतच राहतील.

दिवाकर, तुम्हाला नमस्कार.

आता कोणी बोलू नका. पोरगी पाहते आहे.